झाकलं शटर सव्वा लाखाचं

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसजवळ आयर्व्हिंगला राहतो. नवरा एच-१बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे, मी एच-४, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. माझं ईएडी कार्ड, म्हणजे काम करायचा परवाना, आलेलं आहे, पण मनासारखी नोकरी लागत नाही. इथे भाडं थकलेल्या लोकांची स्टोरेज युनिट्स, म्हणजे सामान ठेवायला भाड्याने घेतलेल्या खोल्यांतलं सामान, ऑनलाइन लिलावात विकतात, असं कळलं. मी २,००० डॉलर बाजूला ठेवलेत. एका १०×१० फुटांच्या युनिटचे पाच फोटो रोज बघते. पुढे सोफा, दोन गाद्या, काळ्या पिशव्यांचा ढीग, एक लाल टूल चेस्ट, सायकल, डायनिंग टेबल, प्रेशर वॉशर, मागे खोकी. बोली १८० डॉलरवर आहे. नवरा म्हणतो, लिलावाचं खातं त्याच्या नावाने काढू, कारण पैसे भरायचं कार्ड त्याचं आहे, आणि शनिवारी-रविवारी सामान उचलायला तो येईल. घ्यावं का? आणि कुणाचा तरी मोडलेला संसार असा विकणं बरं दिसतं का?
— एक वाचक

उत्तर : युनिटकडे नंतर वळू, आधी खातं. ते नवऱ्याच्या नावाने काढू नका.

एच-१बी वरच्या माणसाने ज्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज केला तिचंच काम करायचं असतं. शेअर घेतले, बँकेचं व्याज आलं, तर चालतं. लिलावात माल घेऊन विकणं हा मात्र चालता धंदा आहे आणि त्याची नोंद त्याच्या नावावर राहिली तर ती ग्रीन कार्डाच्या वेळी वर येते. तुमचं एच-४ चं ईएडी कुठल्या एका मालकाला बांधलेलं नाही, त्यावर स्वतःचा धंदाही करता येतो. तेव्हा लिलावाचं खातं, टॅक्स परमिट, बँक खातं, पैसे भरायचं कार्ड, सगळं तुमच्या नावाचं हवं. शनिवारी सोफ्याचं दुसरं टोक त्याने धरावं का, हे इमिग्रेशन वकिलाला विचारा. पैसे न घेता केलेलं कामही काम धरलं जाऊ शकतं. तोवर तासावर दोन माणसं घ्या. आणि ईएडीची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर गॅरेजमध्ये उरलेला मालही विकता येणार नाही.

आता युनिट. हे घेऊ नका. १८० डॉलरलाही ते महाग आहे, आणि का ते तुमच्याच फोटोंवरून सांगता येतं.

बोली ठरवायची रीत साधी आहे. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच धरायचं, बंद खोक्यांची किंमत शून्य. दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचा भाव ईबेवर बघायचा, पण 'सोल्ड आयटम्स' हे गाळणं लावून. लोक काय मागतात ते बघून उपयोग नाही, शेवटी कितीला गेलं ते बघायचं. जड सामानाचा भाव फेसबुक मार्केटप्लेसवर तुमच्याच भागातला बघायचा. तुमच्या फोटोतली टूल चेस्ट रिकामी धरली तर १५०, टेबल आणि चार खुर्च्या १२०, प्रेशर वॉशर चालू होतो की नाही माहीत नाही म्हणून ८०, सायकल ६०. झाले ४१०. सोफा शून्य. गाद्या उणे, कारण त्या टाकायला पैसे पडतात. काळ्या पिशव्यांत दहापैकी नऊ वेळा कपडे असतात, तेही न धुतलेले.

खर्च असा. १०×१० चं युनिट आठ फूट उंच, म्हणजे ८०० घनफूट. तीन-चतुर्थांश भरलेलं असेल तर ६०० घनफूट माल. यू-हॉल या ट्रक भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या १५ फुटी ट्रकमध्ये साधारण ७६४ घनफूट मावतं, म्हणजे नीट रचलं तर एक खेप. ट्रकचं मूळ भाडं कमी दिसतं, पण त्यावर प्रत्येक मैलाचे, विम्याचे आणि पेट्रोलचे पैसे चढतात. चाळीस मैलांना ११० डॉलर धरा. दोन माणसं चार-चार तास, तासाला २०, म्हणजे १६०. कचराडेपोचे ५०. हातमोजे, मास्क, पिशव्या, झाडू ३०. बेरीज ३५०. दिसणारं ४१०, वजा ३५०, उरले ६०. तुमची कमाल बोली ६० डॉलर. त्यातूनच साइटचं कमिशन जायचं आहे, ते आणखी दहा-पंधरा टक्के असतं. नेमका दर बोली लावण्याआधी त्या पानावर वाचून घ्या.

समजा, मोह आवरला नाही आणि तुम्ही ते २२० ला घेतलं. कमिशन ३३, वरचा खर्च ३५०, एकूण ६०३. खोक्यांत बऱ्यापैकी काही निघालं आणि सगळं मिळून ९०० ला गेलं, त्यातलं ४०० चं ईबेवर. ईबेची फी बहुतेक वस्तूंवर साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५४ गेले. हातात उरले २४३. युनिट रिकामं करायला आठ तास. निवडणं, पुसणं, फोटो काढणं, गिऱ्हाइकांच्या मेसेजांना उत्तरं देणं यात पंचवीस. तेहतीस तासांचे २४३, म्हणजे तासाला साडेसात डॉलरही नाहीत. टेक्सासमध्ये किमान वेतन ७.२५ आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

म्हणून पहिलं युनिट ५×१० चं घ्या. ते काठोकाठ भरलेलं असलं तरी ४०० घनफूट, म्हणजे १० फुटी ट्रकची एक खेप किंवा व्हॅनच्या दोन. एका दिवसात आटोपतं आणि चुकलं तर शंभर-दीडशेत चुकतं. तुमच्या २,००० पैकी पहिल्या युनिटवर सगळा खर्च धरून ५०० च्या वर जाऊ नका. त्याचा माल अर्धा विकला जाईपर्यंत दुसरं घेऊ नका. या धंद्यात माणसं बुडतात ती न विकलेल्या मालाने. गॅरेज भरतं, मग तेच सामान ठेवायला स्वतःच महिन्याच्या भाड्याने युनिट घेतात.

फोटो वाचायला शिका, खरी विद्या तिथे आहे. खोकी एकाच मापाची, टेप सरळ, बाजूला मार्करने 'किचन', 'ऑफिस' लिहिलेलं, तर त्या माणसाने सावकाश, विचार करून बांधाबांध केली होती. असं युनिट बघायचं. सामान दारापर्यंत फेकल्यासारखं, पिशव्या फाटलेल्या, वर उघडी खेळणी, तर घाईत घर सोडलेलं, आणि जाताना चांगलं ते सोबत नेलेलं. ढिगावर सारखी धूळ बसली असेल तर बरेच महिने कुणी हात लावलेला नाही. मागे धूळ आणि पुढे स्वच्छ चौकोन, म्हणजे काहीतरी नुकतंच बाहेर गेलं आहे. पाठीमागची पत्र्याची भिंत फोटोत कुठवर दिसते ते बघा. गुडघ्यापर्यंत दिसत असेल तर मागे काही नाही, पुढचा सोफा नुसता पडदा आहे. फ्रिज, जुना खोक्याचा टीव्ही, टायर, रंगाचे डबे, गॅसचा सिलिंडर दिसला की प्रत्येकी वीस-तीस डॉलर वजा करा. यातलं काहीच कचराडेपोत सरळ घेत नाहीत, प्रत्येकाची सोय वेगळी करावी लागते. छतावर किंवा खोक्यांच्या तळाशी तपकिरी वर्तुळं असतील तर पाणी गळलंय, खालच्या रांगेतली पुस्तकं आणि कागद गेले.

गाद्यांच्या शिवणीवर काळ्या मिऱ्याच्या पुडीसारखे ठिपके दिसतात का, हे फोटो मोठा करून बघा. ते ढेकणांचे असतात. असा माल घरात आणला तर नफा सोडा, कीटकनाशकवाल्याचं बिल युनिटपेक्षा मोठं होईल. संशय आला तरी कपडे थेट लॉण्ड्रोमॅटमध्ये, ड्रायर सगळ्यात गरम करून अर्धा तास फिरवायचे, मग पिशवीत बांधायचे. फॅब्रिकचा सोफा तर घेऊच नये, या मताला फारसे अपवाद नाहीत.

बोली लावायचं तंत्र थोडक्यात. पब्लिक स्टोरेज, एक्स्ट्रा स्पेससारख्या कंपन्या स्टोरेजट्रेझर्स या साइटवर युनिट टाकतात. तिथे तुमची कमाल रक्कम एकदाच भरून ठेवता येते. साइट गरजेपुरती वाढवत जाते. ती रक्कम भरा आणि फोन बाजूला ठेवा. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ पुढे सरकते, त्यामुळे शेवटच्या सेकंदाला उडी मारायच्या युक्तीचा उपयोग नाही, उलट चढाओढीत ६० चे १६० होतात. आणि पैसे भरायला जाईपर्यंत भाडेकरूने थकबाकी चुकती केली तर लिलाव रद्द होतो, हे धरून चाला. ट्रक आधीच आगाऊ ठरवून ठेवू नका.

जिंकल्यावर बोलीची रक्कम बहुतेक ठिकाणी ऑफिसात रोख मागतात. सोबत स्वच्छतेचं डिपॉझिट असतं, ५० ते १०० डॉलर. रिकामं करायला साधारण ४८ ते ७२ तास. स्वतःचं चकती-कुलूप घेऊन जा, पैसे भरल्या भरल्या लावा. तिथल्या कचरापेटीत एक खोकंही टाकायचं नाही; कॅमेरे असतात, डिपॉझिट जातं आणि त्या कंपनीची दारं तुम्हाला बंद होतात. एसी नसलेलं युनिट जुलै-ऑगस्टमध्ये तव्यासारखं तापतं, म्हणून सकाळी गेट उघडताच सुरुवात करा. हातमोजे जाड घ्या. टेक्सासमध्ये ब्राऊन रेक्लूस आणि ब्लॅक विडो हे दोन्ही विषारी कोळी खोक्यांच्या खाचांत बसतात. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका, धूळ नाकात जाते आणि हंटाव्हायरसचा धोका असतो. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं थांबायचं आणि कागदाने टिपून घ्यायचं. मास्क एन-९५ च हवा, कापडी नको.

आता जी गोष्ट तुमच्यासारखीला कुणी आवर्जून सांगत नाही ती. टेक्सासच्या युनिटांत बंदुका आणि काडतुसं निघतात. एच-१बी, एच-४ अशा व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. काडतुसांची नुसती अर्धी पेटीसुद्धा. ड्रॉवर उघडला आणि दिसलं तर हात लावू नका, गाडीत ठेवू नका, 'घरी जाऊन बघू' तर मुळीच नाही. तिथल्या तिथे मागे सरा, मॅनेजरला बोलवा आणि पोलिसांच्या बिगर-आणीबाणीच्या नंबरवर फोन करा. इतर लोक अशी बंदूक परवानाधारक दुकानात नेऊन विकतात. तो रस्ता तुमचा नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं आणि दारूच्या सीलबंद बाटल्याही विकता येत नाहीत.

मुलांचं सामान निघालं तर सांभाळून. एक बाजू खाली सरकणाऱ्या पाळण्यांवर जून २०११ पासून देशभर बंदी आहे, जुना विकणंही गुन्हा. कंपनीने परत मागवलेली वस्तू विकता येत नाही. ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. कार सीटवर मुदतीची तारीख छापलेली असते, ती उलटली असेल तर मोडून कचऱ्यात.

चोरीचा मालही निघतो. टेक्सासच्या प्रॉपर्टी कोडचं ५९ वं प्रकरण प्रामाणिक खरेदीदाराला थकबाकीदार भाडेकरूच्या दाव्यापासून वाचवतं. ज्याच्या घरातून ती वस्तू चोरीला गेली त्याच्यापासून वाचवत नाही. नट निकोलस केज याच्या घरातून २००० साली चोरीला गेलेलं 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाचं पुस्तक २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका स्टोरेज युनिटमध्ये सापडलं, ते मूळ मालकाकडेच परत गेलं आणि मग लिलावात २१ लाख ६० हजार डॉलरला विकलं. गिटार, कॅमेरा, महागडं टूल यांचे सिरियल नंबर विकण्याआधी टिपून ठेवा, पोलीस विचारायला आले तर कामाला येतात.

निवडताना घाई नको. प्रत्येक खिसा, पुस्तकाची पानं, ड्रॉवरची खालची बाजू, कॉफीचा डबा, शिवणकामाची पेटी बघायची. दागिना सापडला तर भिंग घेऊन छाप वाचा. इथे २२ कॅरेटचं ९१६ क्वचित दिसतं. १०के म्हणजे ४१७, १४के म्हणजे ५८५, १८के म्हणजे ७५०. त्याच्यापुढे जीएफ अशी अक्षरं असली तर वरचा पत्राच सोन्याचा, एचजीई म्हणजे नुसता मुलामा. चांदीवर ९२५ किंवा 'स्टर्लिंग' हवं. ईपीएनएस म्हणजे पितळ्याच्या जातीच्या धातूवर चांदीचं पाणी. सोनं घेणारा दुकानदार भाव पेनीवेटमध्ये सांगतो, तिथे फसगत होते. एक पेनीवेट १.५५५ ग्रॅम, आपला जुना तोळा ११.६६ ग्रॅम, म्हणजे तोळ्याचे साडेसात पेनीवेट. घरून ग्रॅममध्ये वजन करून जा.

खपतं काय, तर हत्यारं सगळ्यात आधी. मिलवॉकी, डिवॉल्ट, मकिताची बॅटरीवरची यंत्रं, स्नॅप-ऑनचे पाने. मग किचनएडचा मिक्सर, ग्रिसवोल्ड किंवा वॅग्नर असं पाठीवर कोरलेले बिडाचे जुने तवे (गंज चढलेला असला तरी घ्या), मासेमारीचं सामान, लेगोचे सुटे ठोकळे किलोवारी. पडून राहतं ते चिनी मातीचे पूर्ण सेट, विश्वकोश, मोठी लाकडी कपाटं. आयफोन निघाला आणि जुन्या मालकाच्या अकाउंटला लॉक असेल तर तो सुट्या भागांच्या भावाचा. संगणकाची हार्ड डिस्क पुसल्याशिवाय विकायची नाही, त्यात कुणाचे तरी पगाराचे कागद आणि सोशल सिक्युरिटी नंबर असतात.

जड ते मार्केटप्लेसवर, हलकं आणि किमती ते ईबेवर, आणि किरकोळ सामान ग्रँड प्रेरीच्या ट्रेडर्स व्हिलेज या बाजारात शनिवार-रविवारी टेबल लावून. डॅलसपासून तासाभरावर कॅन्टनचा 'फर्स्ट मंडे' बाजार भरतो. नाव सोमवारचं, पण भरतो त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवार ते रविवार; सोमवारी गेलात तर मोकळं मैदान बघून याल. दोन महिन्यांत जे गेलं नाही ते गुडविल किंवा हॅबिटॅटचं रीस्टोर अशा दान घेणाऱ्या संस्थेच्या दुकानाला देऊन टाका, पावती घ्या. गाद्या तिथेही नको म्हणतात.

टॅक्स कंटाळवाणा, पण चुकवू नका. टेक्सास कंट्रोलर, म्हणजे राज्याच्या कर खात्याकडून सेल्स टॅक्स परमिट फुकट मिळतं. ते असलं की पुनर्विक्रीचं प्रमाणपत्र, फॉर्म ०१-३३९, स्टोरेजच्या ऑफिसात द्यायचं. मग खरेदीवरचा ८.२५ टक्क्यांपर्यंतचा टॅक्स लागत नाही. ईबे गिऱ्हाइकाकडून टॅक्स स्वतः घेऊन भरतं, हातोहात विकलं तर तो तुम्ही घेऊन भरायचा. धंद्याचा नफा शेड्यूल सी या फॉर्मवर दाखवायचा, आणि वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलर किंवा जास्त झाला की साधारण १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे स्वतःच्या धंद्यावरचा वेगळा टॅक्स. स्वतःची गाडी वापरली तर मैल लिहून ठेवा, २०२५ साठी मैलाला ७० सेंट वजा मिळत होते. प्रत्येक युनिटची वेगळी वही करा, नाहीतर कुठल्या युनिटने कमावलं आणि कुठल्याने खाल्लं ते कधीच कळत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. भाडं एक दिवस चुकलं म्हणून कुणाचं युनिट विकत नाहीत. आधी नोटीस जाते, चौदा दिवसांची मुदत असते, मग विक्रीची जाहीर सूचना, आणि विक्री होईपर्यंत पैसे भरून सामान सोडवता येतं. लिलावात थकबाकीपेक्षा जास्त आलं तर वरचे पैसे त्या भाडेकरूचेच असतात. पण ही झाली कायद्याची बाजू. फोटोंचे अल्बम, पासपोर्ट, लष्करातली पदकं, अस्थींचा कलश, मुलाच्या जन्माचा दाखला, हे निघतंच. पहिल्या तासातच 'परत' असं लिहिलेलं एक खोकं बाजूला ठेवा, तसलं सगळं त्यात टाकत जा. युनिट झाडून झाल्यावर रिकाम्या जमिनीचा फोटो काढा, आपलं कुलूप काढा आणि ते खोकं ऑफिसच्या काउंटरवर ठेवून मगच डिपॉझिट मागा.